वहिनीच्या पुस्तकाचा शेवट

माझी वहिनी लेखिका आहे असं मी सांगितलं की लोक आधी माझ्याकडे बघतात, मग तिच्याकडे, आणि मग विचारतात, "पण करतात काय त्या?" लिहिणं म्हणजे काही करणं नव्हे, हे सगळ्यांना पाळण्यातच शिकवलेलं असतं. तर ती पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारी घेते. काचेला एक गोल भोक आहे. त्याच्या अलीकडे वहिनी, पलीकडे सगळं शहर. पाणी आलं नाही, आलं ते गढूळ आलं, शेजारणीकडे येतं आणि माझ्याकडे येत नाही, हे सगळं ती दिवसभर ऐकून घेते. जेवणाच्या सुट्टीत डबा लवकर आटपून वाया गेलेल्या तक्रार-अर्जांच्या कोऱ्या बाजूवर ती कादंबरी लिहायची. एकीकडे गढूळ पाणी आणि उलटं केलं की कादंबरी.

मी तिची नणंद. दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या बनवणाऱ्या प्रयोगशाळेत मी काम करते. माणूस भेटला की मी आधी त्याचे दात बघते, चेहरा नंतर. लग्न जमलं नाही त्यालाही हेच कारण असेल. राहते दादा-वहिनीकडेच. नणंदेनं जितकं खाष्ट असावं तितकी मी आहे, असं वहिनी म्हणते आणि मला लाडात "वन्सं" म्हणते. आमचं पटतं. पटलं नसतं तर हे सगळं सांगायला मी बसलेच नसते.

दादा लिफ्ट दुरुस्त करतो. दोघांची एकच मुलगी, चिमी. आठ वर्षांची असताना मेंदूज्वर झाला आणि गेली. औषधं झाली, इंजेक्शनं झाली, चर्चच्या सगळ्या मंडळीनं उभं राहून प्रार्थना केल्या, आणि तरी गेली. हे मी आधीच सरळ सांगून टाकते, कारण पुढे जो काही घोळ झाला तो ह्याच एका गोष्टीवरून झाला.

चिमी गेल्यावर चर्चमधली माणसं घरी आली. माणसं चांगली होती, पण चांगल्या माणसांना गप्प बसता येत नाही. कुणी म्हणालं, देवाची योजना. कुणी म्हणालं, देवाला त्याच्या बागेत एक फूल कमी होतं. वहिनीनं सगळं ऐकून घेतलं, तिला तक्रारीच्या खिडकीवर बसून सवयच होती. सगळे गेल्यावर मला म्हणाली, "वन्सं, एवढ्या मोठ्या बागेत त्याला एक फूल कमी पडलं होय गं?"

दादाचं निराळं. तो चिमीचं नावच काढायचा नाही. आमच्यापैकी कुणी काढलं की उठायचा, पाना घ्यायचा आणि घरातलं काहीतरी घट्ट करायला लागायचा. नळ, खिडक्यांच्या कड्या, कपाटांच्या बिजागऱ्या. घरात एकही वस्तू धड उघडेनाशी झाली. मीठ हवं असेल तर कपाटाशी कुस्ती करावी लागायची.

आणि वहिनी दर रविवारी उपासनेला जायची, आपल्या नेहमीच्या बाकावर बसायची, आणि गीतं सुरू झाली की तोंड उघडायची नाही. पूर्वी तिचा आवाज अख्ख्या चर्चभर ऐकू यायचा. आता सगळे उभं राहून गायचे आणि ती नुसती उभी. पुस्तक हातात, पान बरोबर उघडलेलं, आणि ओठ मिटलेले. उठूनही जायची नाही. मी एकदा विचारलं, "गायचं नाही तर जातेस कशाला?" म्हणाली, "त्याला दिसू दे ना मी गात नाही ते."

तिची कादंबरी ह्याचीच होती. एक आई, तिची आजारी मुलगी, दवाखान्यातले दिवस, प्रार्थना करायला येणारा चर्चचा पाळक, मुलीचं जाणं आणि शेवटच्या प्रकरणात तो रविवार. आई बाकावर बसलेली आहे. गात नाही आणि जातही नाही. एवढंच. मी तशी दगडाच्या काळजाची, पण ते प्रकरण मी प्रयोगशाळेत घेऊन गेले आणि मेण गरम करता करता वाचलं, तर मेण जळून गेलं.

मग सुरू झाली वणवण. पुस्तक लिहिणं सोपं असतं, हे मला वहिनीकडे बघून कळलं. घरी बसून एकटीनं रडायचं आणि लिहायचं. ते छापायला निघालात की अनोळखी माणसांसमोर रडावं लागतं, आणि ती म्हणतात, तीन महिन्यांनी कळवतो.

आधी ती मोठ्या, नावाजलेल्या प्रकाशकांकडे गेली. तिथली संपादक बाई हुशार होती, दात जरा पुढे. तिनं सगळं वाचलं होतं, खोटं कशाला बोलू. म्हणाली, "लिहिता छान. पण देव फार आहे हो ह्यात. आमच्या वाचकाला दर चार पानांनी प्रार्थना नाही चालत. तो पाळक आहे ना तुमचा, तो जरा ढोंगी करता आला तर बघा. पैसे खाणारा वगैरे. मग ह्याला धार येईल."

"तो ढोंगी नाही," वहिनी म्हणाली. "साधा आहे. त्यालाही काही कळत नाहीये."

"मग त्यात काय गोष्ट आहे?" संपादक बाईनं विचारलं.

वहिनीनं कागद उचलले. आणखी दोन ठिकाणी हेच झालं. एकानं तर सांगितलं, ही ख्रिस्ती कादंबरी आहे, ती तुमच्या लोकांकडे न्या. जसं काही मूल मरण्यालासुद्धा 'आमचं' आणि 'तुमचं' असतं.

म्हणून ती 'आमच्या लोकांकडे' गेली. ख्रिस्ती पुस्तकं काढणारी एक संस्था आहे, तिचे प्रमुख म्हणजे अत्यंत गोड माणूस. बोलताना सारखं, "एक छोटीशी दुरुस्ती." म्हणून मी त्यांचं नाव दुरुस्तीसाहेब ठेवलं. वरचे पुढचे दात बनावट, काम बरं होतं, रंग चुकला होता. मी वहिनीबरोबर गेले होते. खोलीत भिंतभर वचनांची कॅलेंडरं, टेबलावर काचेखाली नातवंडांचे फोटो. आधी पाळकांची शिफारस लागेल म्हणाले, तीही वहिनीनं आणली होती. आमच्या पाळकसाहेबांनी शिफारशीत लिहिलं होतं की लिखाण पवित्र शास्त्राला धरून असून तरुणांना उपयुक्त आहे. त्यांनी गठ्ठ्याची दोरीसुद्धा सोडली नव्हती. मी बांधलेली गाठ मी ओळखते.

"बाई, लेखणी तुम्हाला प्रभूनं दिलीये," दुरुस्तीसाहेब म्हणाले. "पण शेवट. वाचक रडत रडत पुस्तक मिटणार. आमच्या पुस्तकातून माणूस असा बाहेर पडला तर ते आमचं अपयश. एक छोटीशी दुरुस्ती करा. मुलगी बरी होऊ दे."

"ती बरी झाली नाही," वहिनी म्हणाली.

"अहो, ही कादंबरी आहे ना? मग ते तुमच्या हातात आहे."

"म्हणूनच," वहिनी म्हणाली आणि उठली.

रस्त्यात मी म्हटलं, एकाला मीठ जास्त होतं, दुसऱ्याला कमी, आणि भाजी कुणी चाखलीच नाही. ती हसली नाही. माझे विनोद तिला एरवी आवडतात.

साहेब चिकाटीचे निघाले. त्यांनी संस्थेतल्या एका लेखकाकडून, जो व्यसनमुक्तीच्या पुस्तिका लिहायचा, शेवटचं प्रकरण नवीन लिहून घेतलं आणि घरी पाठवलं. सोबत निरोप, की हे चालत असेल तर पुस्तक लगेच छापायला घेतो. वहिनीनं पाकीट फोडलंही नाही. फ्रिजवर टाकलं.

ते फोडलं दादानं.

मी कामावरून आले तर तो स्वयंपाकघरात उभ्या उभ्या वाचत होता, बूटसुद्धा काढले नव्हते. त्या प्रकरणात डॉक्टर हात टेकतात. मग आई मुलीच्या हातातली सुई उपसून काढते, तिला उचलून थेट चर्चमध्ये नेते आणि वेदीपुढे ठेवते. सकाळचं ऊन खिडकीतून येतं आणि मुलगी डोळे उघडते. अगदी व्यसनमुक्तीच्या पुस्तिकेसारखं. दादानं ते संपवलं, खुर्चीत बसला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. वहिनी दारात येऊन उभी राहिली होती.

"भूक लागली म्हणते," दादा म्हणाला.

"कोण?" मी विचारलं.

"ही. डोळे उघडते आणि पहिलं काय म्हणते, तर आई, भूक लागली." तो हसायला लागला. "चिमी पण तशीच ना गं? ताप उतरला की आधी खायला. डोळे पुसायच्या आधी खायला."

इतक्या वर्षांत त्यानं पहिल्यांदा तिचं नाव घेतलं होतं. आणि पाना शोधायला उठला नाही. तसाच बसून हसत होता आणि रडत होता. वहिनी त्याच्याकडे बघत होती. मला तिच्या तोंडावर दिसलं की ही आता हरली.

दुसऱ्या दिवशी तिनं साहेबांना होकार कळवला. मी भांडले. "तुझं पुस्तक आहे. तू इतकी वर्षं त्या एका प्रकरणासाठी लिहिलंस."

"हो," ती म्हणाली. "आणि तो इतकी वर्षं कशासाठी गप्प होता?"

पुस्तक छापून आलं. मुखपृष्ठावर उगवता सूर्य आणि पाठमोरी आई. 'कादंबरी' हा शब्द कव्हरवरून गायब. मागच्या बाजूला मोठ्या अक्षरांत, 'एका आईच्या विश्वासाची साक्ष'. वहिनीनं फोन केला. साहेब म्हणाले, "छोटीशी दुरुस्ती. कादंबरी म्हटलं की आपली माणसं हात लावत नाहीत हो. त्यांना वाटतं प्रेमप्रकरण असणार."

आता हे पुस्तक खपवायचं कसं, तर त्याची एक ठरलेली रीत आहे. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगते. आमच्यात उपासनेत लोक 'साक्ष' देतात. म्हणजे उभं राहून सांगायचं की देवानं माझ्या आयुष्यात काय केलं. कुणाची दारू सुटलेली असते, कुणाला नोकरी लागलेली असते. साक्ष खरी असते, निदान देणारा खरी म्हणून देतो, आणि ऐकणारे आमेन म्हणतात. संस्थेच्या लेखकाला दर रविवारी वेगळ्या चर्चमध्ये ही दहा मिनिटं मिळतात, आणि बाहेर पुस्तकांचं टेबल. मग कविता असो, कादंबरी असो, नाहीतर लोणच्यांचं पुस्तक असो, त्याची साक्ष द्यायची.

पहिल्याच चर्चमध्ये तिथल्या पाळकांनी ओळख करून दिली, "ह्या भगिनीच्या मुलीला प्रभूनं मरणाच्या दारातून परत आणलं!" टाळ्या झाल्या. वहिनी उठली आणि म्हणाली, "ही कादंबरी आहे."

"आमेन," कुणीतरी म्हणालं.

"म्हणजे ही मी रचलेली गोष्ट आहे. माझ्या मनातली."

"आमेन!" आता सगळे म्हणाले. माझ्या पुढच्या बाकावरची म्हातारी शेजारणीला म्हणाली, "किती नम्र आहे बघ. मोठेपणा घेत नाही." वहिनीनं घसा साफ केला, दोन वाक्यं कशीबशी बोलली आणि खाली बसली. व्यासपीठावरून उभं राहून जे सांगितलं जातं ते खोटं असू शकतं, हे त्या बिचाऱ्यांच्या डोक्यातच येईना. त्यांचा तरी काय दोष? कव्हरवर तसंच छापलं होतं.

बाहेर टेबलाशी दादा पुस्तकं देत होता. एका बाईनं त्याला विचारलं, "मुलीला नाही आणलं?"

मी शेजारीच होते. दादानं पुस्तकांची चळत सरळ केली आणि म्हणाला, "परीक्षा आहे तिची."

परत येताना गाडीत मी तोंड सोडलं. "परीक्षा? दादा, परीक्षा?"

"काय सांगू मग? रांग लागली होती."

वहिनी खिडकीतून बाहेर बघत होती. "असू दे," म्हणाली. "एकदाच."

कसलं एकदाच! पुढच्या रविवारी चिमीला चष्मा लागला. त्याच्या पुढच्या रविवारी ती बास्केटबॉल खेळायला लागली. मग तिचं आणि गणिताचं जमेना, "माझ्यावर गेलीये." वय तो बरोबर सांगायचा, चौदा. जगली असती तर चौदाचीच झाली असती. लोक कौतुकानं ऐकायचे, तिच्यासाठी पेनं द्यायचे, मोजे द्यायचे, आणि हा "थँक्यू, देतो तिला" म्हणून खिशात घालायचा. रविवारची वाट बघायला लागला. शनिवारी बूट पॉलिश. जेवायला लागला. न्हाणीघरात गुणगुणायला लागला. एक दिवस मी बघितलं तर सगळ्या कपाटांच्या बिजागऱ्या सैल करून, तेल घालून ठेवलेल्या.

मला सहन होईना. मी त्याला म्हटलं, "माझा धंदाच खोट्या दातांचा आहे. पण मी आजवर कुणाला सांगितलं नाही की हे खरे आहेत म्हणून."

"मी कुणाचं वाईट करतोय का?" तो म्हणाला. चिडलाही नाही.

वहिनीला म्हटलं, तू तरी बोल. ती तांदूळ निवडत होती. "वन्सं, तो जेवतोय. जेवू दे." मग थोड्या वेळानं म्हणाली, "मी तिथं बसून ऐकते. काल त्यानं सांगितलं तिला मांजर पाळायचंय. मला एक क्षण वाटलं, घरी गेल्यावर तिला नाही म्हणायला हवं." तिनं ताट बाजूला सरकवलं. त्या दिवशी मला पुस्तकाचा, साहेबांचा, माझ्या भावाचा, सगळ्यांचा मनापासून राग आला, आणि अजून गेलेला नाही.

असं करत करत आम्ही एका लहान मंडळीत पोचलो. रंगाच्या दुकानाच्या वरचा हॉल, प्लास्टिकच्या खुर्च्या, जिन्यात टर्पेंटाइनचा वास. उपासना सुरू व्हायच्या आधीच एक बाई टेबलाशी आली. सोबत मुलगी होती, दहा-अकरा वर्षांची, डोक्याला रुमाल बांधलेला, तोंडावर मास्क. दादाशी बाईचं बोलणं आधीच झालं होतं. चिमीचा चष्मा, बास्केटबॉल, सगळं तिला कळलं होतं. आता तिनं वहिनीचे दोन्ही हात धरले.

"ताई, तुमचं पुस्तक वाचलं आणि हिला घरी आणलं," ती म्हणाली. "रक्ताचा आजार आहे. तुमच्यासारखीच केली हिंमत. सुई काढली आणि आणलं."

"डॉक्टर काय म्हणाले?" मी विचारलं.

"ते म्हणत होते बरी होईल, पण उपचार पुरे करायला हवेत, वर्ष जाईल. फार त्रास होतो हो हिला. आणि तुमची तर एका सकाळीच उठून बसली." तिनं लेकीच्या पाठीवर हात ठेवला. "आज वेदीपुढे ठेवणार आहोत. तुमच्याच हातानं ठेवा."

वहिनीनं दादाकडे बघितलं. दादा पुस्तकं मांडत होता.

गीतं झाली. वहिनीला बोलावलं. ती व्यासपीठावर गेली आणि कचेरीत बोलते त्या आवाजात, सपाट, म्हणाली, "माझी मुलगी बरी झाली नाही. आठ वर्षांची होती. दवाखान्यात गेली, मी तिच्याजवळ होते. मी सुई काढली नव्हती. पुस्तकातलं शेवटचं प्रकरण मी लिहिलेलं नाही. जी मुलं आजारी आहेत त्यांना दवाखान्यात न्या. माझं एवढंच म्हणणं आहे."

आमेन कुणी म्हणालं नाही. खुर्च्या करकरल्या. मग तिथले पाळक उठले, चेहऱ्यावर खरीखुरी काळजी, आणि म्हणाले, "बहिणीच्या विश्वासाची परीक्षा चालली आहे. आपण तिच्यासाठी प्रार्थना करूया." आणि सगळ्यांनी डोळे मिटले. अर्ध्या हॉलनं तिच्या दिशेनं हात उंचावले. वहिनी मध्ये उभी. मी आयुष्यात इतकं एकटं माणूस बघितलेलं नाही.

ती बाई मात्र डोळे उघडे ठेवून होती. ती मुलीचा हात धरून सरळ दाराशी, टेबलाकडे आली, जिथं दादा आणि मी होतो.

"भाऊ," ती म्हणाली, "त्यांना काय झालंय मला माहीत नाही. तुम्ही मघाशी सांगितलंत ना? चष्मा आहे, खेळते. मग खरं काय ते तुम्ही सांगा."

दादानं एक पुस्तक उचललं आणि तिथंच परत ठेवलं. वहिनी व्यासपीठावरून त्याच्याकडे बघत होती. तिनं हाक मारली नाही, खूण केली नाही. प्रार्थना चालूच होती. मला वाटलं, आता हा म्हणणार, परीक्षा आहे तिची. त्याचे ओठ तसे हललेही.

तेवढ्यात मुलीनं मास्क खाली ओढला. "काका, ती माझ्याएवढी आहे?"

दादानं तिच्याकडे बघितलं.

"नाही," तो म्हणाला. "तुझ्याहून लहान आहे. आठ."

"पण तुम्ही चौदा म्हणालात."

"चौदाची झाली असती." मग तो बाईकडे वळून जवळजवळ ओरडला, "ती खरं बोलतेय. मेली आमची चिमी. चष्मा नाही, काही नाही. हिला परत घेऊन चला. आत्ता. मी गाडी काढतो."

बाईनं त्याच्या थोबाडीत मारली. मग मुलीला उचललं आणि त्याच्या मागोमाग जिना उतरली.

दवाखान्यानं मुलीला पुन्हा दाखल करून घेतलं. बाईचा एकदा फोन आला होता, उपचार पहिल्यापासून सुरू केलेत एवढं सांगितलं आणि ठेवून दिला. आम्ही उलट फोन करण्याचं धाडस केलं नाही.

त्यानंतर जे व्हायचं ते झालं. चोर सोडून संन्याशाला फाशी. वहिनीनं खोटी साक्ष दिली असा बोभाटा झाला. जिनं पहिल्या दिवशी उभं राहून 'ही रचलेली गोष्ट आहे' असं सांगितलं तिनं खोटी साक्ष दिली! दुरुस्तीसाहेबांनी सगळ्या मंडळ्यांना कळवलं की लेखिकेनं संस्थेला अंधारात ठेवलं, संस्था दिलगीर आहे. आमच्या पाळकसाहेबांनी चिमीच्या खड्ड्यात स्वतः माती टाकली होती. त्यांनी शिफारस दुसऱ्याच कुणाच्या पुस्तकाची केल्यासारखा चेहरा केला आणि वहिनीला सुचवलं की थोडे दिवस मागच्या बाकावर बसा. ती आपल्या नेहमीच्या बाकावरच बसली. शेजारच्या दोघीजणी उठून दुसरीकडे गेल्या. आणि त्या पुढे-दातवाल्या संपादक बाईचा फोन आला, की आता विषय तापलाय, संस्थेवर आणि पाळकांवर लिहिणार असाल तर आम्ही लगेच घेऊ. वहिनीनं "तक्रार नोंदवली आहे" म्हणून फोन ठेवला.

न खपलेली पुस्तकं खोक्यांतून घरी आली. बैठकीत चालायला जागा उरली नाही. वहिनीनं आपलं मूळ शेवटचं प्रकरण झेरॉक्स करून आणलं, ब्लेड आणलं, खळ केली आणि रजेच्या दिवशी सतरंजी घालून बसली. एकेक प्रत उघडायची, शेवटचं प्रकरण मुळाशी कापून काढायचं आणि आपलं चिकटवायचं.

"आता कोण घेणार आहे ही?" मी विचारलं.

"कुणी नको घ्यायला. माझं नाव घालून ते प्रकरण ठेवायचं नाही."

मी तिच्याजवळ बसले. कवळ्या करून माझा हात चांगला आहे, कापायचं काम मी घेतलं. दादा दुपारी आला, खाली बसला आणि खळ लावून द्यायला लागला. त्या जिन्यापासून तो पुन्हा मुका झाला होता. जेवणही पूर्वीसारखंच, चिवडल्यासारखं. कापलेली पानं वहिनी रद्दीच्या पोत्यात टाकत होती. संध्याकाळपर्यंत एक खोकं उरलं, मग त्यातल्या शेवटच्या काही प्रती.

मी शेवटची प्रत उचलली तेव्हा दादानं माझं मनगट धरलं.

"ही राहू दे," तो म्हणाला.

मी वहिनीकडे बघितलं. तिच्या हातात तिचं प्रकरण होतं, खळ लावलेलं, चिकटवायला तयार. ती त्याच्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता ओरडेल, आणि ओरडावं असंच मला वाटत होतं. तिनं माझ्या हातातून पुस्तक घेतलं, कव्हरवरची खळ पदरानं पुसली आणि त्याच्या मांडीवर ठेवलं.

"घे," ती म्हणाली. "पण माझ्यासमोर वाचू नकोस."